नदी न्यायला आली न्हाई

माजं माहेर सिरसाळ्याच्या अंगाचं, वाण नदीच्या काठचं, आन सासर हे बीडचं, बिंदुसरेच्या काठचं, म्हंजी जलमले एका नदीवर आन दिली दुसऱ्या नदीवर, भोयाच्या पोरीला कोरड्या गावात कोन देतंय, आमी भोई मानसं, मासे धरावं, नदीच्या वाळूत खरबुजं-काकड्या लावाव्या, लग्नसराईत मेने उचलावं, पानी सोडून आमचं दुसरं काय बी नव्हतं. सारजा माजं नाव. बापानं ठिवलं सारजा, सासरी येऊन बी सारजाच ऱ्हायलं, कावून तर आमच्या आत्याबाई, म्हंजी माजी सासू, म्हनल्या नाव बदललं की मानूस परेशान व्हतं, हाक मला मारली का दुसऱ्या कुनाला तेच कळत न्हाई, ऱ्हाऊ द्या तिचं तिला. नावाचं त्या लई जपायच्या, ते पुढं सांगते. द्या बरं तो तांब्या, घोटभर पानी पिते मंग बोलते.

हां. तर तुमी म्हनता मास्तर, नदीचं सांगा. तव्हाची नदी तुमी कुठं पाहिली, तुमी पाहिला तो नाला. मी लगीन होऊन आले तव्हा निजाम सरकारचं राज व्हतं, अलीकडं किल्ला आन बाजार, पलीकडं पेठ, आन मधून नदी, अशी की गावाचे दोन भाग एकमेकाला हाका मारून बोलायचे. वरच्या अंगाला रंगारी कापड धुवायचे, त्याच्या खाली परीट, आन लई खाली चामडं कमावनारे, ज्याची त्याची जागा ठरलेली, कुनी कुनाच्या पान्यात जायचं न्हाई. प्यायला वाळूत झिरा करायचा, हातानं खड्डा उकरला की गार पानी निघायचं, वाटीवाटीनं भरून घ्यायचं, काचंवानी साफ. आन पावसाळ्यात पूर यायचा तो डोंगराकडनं, लिंबागणेशाच्या अंगाला आभाळ काळं झालं की आमच्या गल्लीत म्हातारी मानसं जाळी वर टांगायची, पूर यायच्या आधी वास यायचा बगा, ओल्या मातीचा, कुजक्या पाल्याचा, मंग आवाज, मंग पानी. आन पूर गेला की नदीत नवी वाळू. दर साली नवी. जुनी खाली जायची, नवी वरनं यायची, नदी आंथरून बदलायची म्हना.

त्या नव्या वाळूत आमची वाडी. वाळूत खड्डे करायचे, त्यात थोडं शेनखत टाकायचं आन बी लावायचं, बाकीचं सारं नदी द्यायची, पुराचा गाळ आसायचा ना वाळूत. खरबूज असं गोड की पेठेतल्या मुसलमान बाया खास आमच्याकडं मानूस धाडायच्या रोज्याच्या दिसात. मी वाडीत काम करायचे, चार काठ्या रोवून वर पाला टाकायचा, आन त्याच्या सावलीला झोळी बांधून लेकरू निजवायचं. माजं लेकरू. ते सांगायचं हाय तुमाला, पन आधी तान्ह्याची वाळू सांगावी लागंल, त्याबिगर कळायचं न्हाई.

गावाच्या खाली नदी वळती, त्या वळनाला आतल्या अंगानं वाळूचा मोठा पट्टा पडायचा, वरच्या टोकाला एक उंबर. त्या पट्ट्याला तान्ह्याची वाळू म्हनायचे. तान्ही लेकरं मेली की जाळत न्हाईत, ठावं हाय तुमाला, पुरत्यात. आमच्याकडं गोरगरीब समदे तिथंच पुरायचे. आन रीत अशी व्हती, की लेकरू वाळूत ठिवायचं ते कायमचं न्हाई, नदीच्या जिम्म्यात द्यायचं, पावसाळ्यात पूर आला की नदी त्याला घेऊन जाती. तवर त्या आईनं लेकराचं नाव तोंडातून काढायचं न्हाई. कावून, तर नाव घेतलं की लेकरू मागं वळून बगतं, मंग नदीबरोबर जात न्हाई, आडून बसतं. तवर त्या बाईची कुनी ओटी भरायची न्हाई, तिच्या घरात पाळना टांगायचा न्हाई. मंग पूर येऊन गेला, वाळू धुऊन निघाली, की त्या बाईनं काठावर जायचं आन वाहत्या पान्याकडं तोंड करून एक डाव, एकच डाव, लेकराचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायची, आन पाठ फिरवून घरी यायचं. घरी बाया वाट बगत ऱ्हायच्या, तिला न्हाऊ घालायच्या, ओटी भरायच्या, आन ती बाई मोकळी. नवी आले तव्हा मी आयकल्यात त्या हाका. पूर वसरला की वळनाकडनं एकेका बाईची हाक यायची, आन हातातलं काम तसंच थांबायचं.

आन कुनाचं लेकरू कुठं ठिवायचं ते आमच्या आत्याबाई सांगायच्या. त्यांच्या सासूपासनं ते काम आमच्या घरात. त्या वाळूवर उभ्या ऱ्हायच्या, पायानं दाबून बगायच्या, मंग म्हनायच्या, हितं. उंबराजवळची वरची जागा लई मानाची. खाली पान्याजवळ ठिवलं तर पहिल्याच चिखलाच्या पान्यात जातं, रानातला कचरा, मेली ढोरं, त्याच्यासंगं. वर उंबरापशी पोचतो तो मोठा पूर, श्रावनात येनारा, तव्हाचं पानी रुंद आन दमदार, पार गंगेला नेऊन सोडतं. आत्याबाईंनी जलमभर पाहिलं व्हतं, उंबराच्या मुळीला पानी लागलं न्हाई आसं एक साल गेलं न्हाई. मोठ्या दुष्काळात बी, म्हनायच्या, एक दिस का व्हईना पन मुळी भिजली व्हती.

मंग धरन आलं. वर, डोंगराच्या खिंडीत, सरकारनं कट्टा बांधायला घेतला. खोटं कावून बोलू, गावाला आनंद झालता. उन्हाळ्यात बाया झिऱ्यावर वाटीवाटी पानी भरायच्या, भांडनं व्हायची, आता नळ येनार म्हनले, बागायत व्हनार म्हनले. आमच्या गल्लीतले बी गडी कामाला गेलते तिथं, आमचे मालक बी गेलते, दगड वाहिले त्यांनी. मी आत्याबाईला इचारलं व्हतं, आत्याबाई नदी आडवल्यावर आपलं कसं. त्या जाळं इनत व्हत्या, हसल्या. म्हनल्या, आगं येडे, नदीला कोन आडवतंय, मानसं उन्हाळ्याचं पानी आडवत्यात, पूर थोडाच आडतो, पूर येतो तव्हा हत्ती बी आडवा टिकत न्हाई. आमाला समद्यांना तेच वाटलं. पूर म्हंजी काय कुनी धरून ठिवायची वस्तू हाय का.

कट्टा पुरा झाला त्याच उन्हाळ्यात माजी लेक गेली. पहिलीच. नुकती बसाया लागली व्हती, खाली दोन दात आलते, खरबुजाची फोड हातात दिली की दातानं किसायची आन गालावर समदा रस, मुंग्या लागायच्या म्हनून मी सारखी पुसायचे. ताप आला. हकीमाचं औषध झालं, अंगारे झाले, पन उतरला न्हाई. झोळीतून उचलली तर मान सोडलेली. काय सांगू तुमाला, मी रडले बी न्हाई आधी, मी तिचे गाल पुसत बसले, गालाला काय बी लागलेलं नव्हतं तरी पुसत बसले.

आत्याबाई पुढं झाल्या. सोताच्या नातीला घेऊन वाळूवर गेल्या, आन सगळ्यात वरची जागा दावली, पार उंबराच्या खाली. मालक म्हनले, आई, लई वर व्हतंय. त्या म्हनल्या, माजी नात चिखलाच्या पान्यात जायची न्हाई, तिला मोठ्या पुरातच धाडीन. खड्डा केला, ठिवली, वरनं वाळू सारखी केली. आन घरी आल्यावर मला जवळ घेऊन सांगितलं, सारजे, आता पूर येईस्तवर नाव घ्यायचं न्हाई. तोंडात आलं की घोटभर पानी पी आन गिळून टाक. चार महिने काढ, पूर येतोच हाय. मला ते बरं वाटलं बगा. दुःखाला कुठं तरी काठ हाय आसं वाटलं.

पावसाळा आला. लिंबागणेशाकडं आभाळ काळं झालं, आमी जाळी वर टांगली. वास आला न्हाई. आवाज आला न्हाई. पाऊस तर चांगला व्हता, आमच्या घराच्या भिंती ओल्या झाल्या, आन नदीत पानी आलं ते गावच्या ओढ्यानाल्याचं, गुडघाभर, वाळूच्या खालच्या कडंनं सरपटत गेलं. खाली ठिवलेली दुसऱ्यांची लेकरं त्या पान्यात गेली. बाया आल्या, हाका मारल्या, घरी गेल्या, मोकळ्या झाल्या. मी उंबराखाली उभी. माज्या पायाखालची वाळू कोरडी खडंग. श्रावन गेला, भादवा गेला. आत्याबाई रोज जाऊन उंबराची मुळी हातानं चाचपून यायच्या आन घरात येऊन भाकरी थापायच्या. कुनीतरी कट्ट्याकडनं आलं, ते म्हनलं काय तळं भरलंय, बगून डोळे दिपत्यात, पार डोंगराच्या पायाला पानी लागलंय. तव्हा आमाला कळलं पूर कुठं हाय ते.

म्हनलं, पुढच्या साली येईल. पुढच्या साली बी तेच.

तिथनं नदी बदलाया लागली. एकदम न्हाई, जसं घरातलं मानूस आजारी पडतं तसं, आधी तुमाला वाटतं थकलंय. नवी वाळू यायची बंद झाली. जुनीच वाळू, तिच्यात खरबूज लावलं तर येल पिवळे पडायला लागले, गाळच न्हाई तर येल खाईल काय. फळ धरलं तरी मुठीएवढं आन कडू. वाम मासा पुरासंगं चढून यायचा तो आला न्हाई. ज्या डव्हात मरळ धरायचो ते डव्ह एकमेकांपासनं तुटले, पानी थांबलं, हिरवं झालं, मासे सकाळच्या पारी तोंड वर काढून हवा गिळायचे आन दुपारी पांढरी पोटं वर करून तरंगायचे. रंगाऱ्याचा रंग तिथंच, चामड्याचा घान वास तिथंच, गावाची समदी घान तिथंच, आधी पूर सालातून एक डाव झाडून न्यायचा, आता झाडनारं कोन. झिरा उकरला तर पानी काळं निघाया लागलं. डास झाले, हिवतापानं घराघरात मानसं कुडकुडायला लागली. टिटव्या वाळूत अंडी घालायच्या, त्या गेल्या. तिकडं किल्ल्याच्या अंगाला नळ आला, पानी साफ, मी कावून नावं ठिवू, मी बी पिते, हे तांब्यातलं बी त्याच तळ्याचं हाय. ज्यांना मिळालं त्यांनी दुवा दिला. पन माज्या लेकीला न्यायला जे पानी यायचं व्हतं तेच नळातून किल्ल्याकडं जात व्हतं, हे कुनाला सांगू मी.

मला पुढं पोरगा झाला, म्हादू. पाळना टांगला न्हाई. आमच्या घरात पाळना टांगायचा नव्हता ना. सुपात निजवला, मोठा झाल्यावर गोधडीवर. लग्नाकार्यात बायांच्या ओट्या भरायला लागल्या की मी उठून चुलीपाशी जायचे. कुनी मला वाईट बोललं न्हाई, खोटं कशाला सांगू, पन हातात खन-नारळ घेऊन बाई माज्याकडं यायची आन तिला आठवायचं, मंग ती मला ओलांडून पुढच्या बाईकडं जायची. ते ओलांडनं. ते अजून आंगावर येतं.

आन वाळूवर रान माजलं. पूर न्हाई तर रोपं उपटनार कोन. आधी लव्हाळा आला, मंग रुई, मंग बाभळी. नेमकी माज्या लेकीच्या जागंवर बाभळीची रोपं उगवली, बोटाएवढी. त्याच सुमाराला गावात सरकारी कचेऱ्यांचं बांधकाम निघालं, आन बेलदार गाढवं घेऊन वाळू न्यायला आले. वाळू उकरत उकरत उंबराकडं सरकाया लागले. मी भाकरी बांधून घेतली आन त्या जागंवर जाऊन बसले. दिसभर. दुसऱ्या दिशी बी. बेलदारनीनं इचारलं, कावून बसली गं बाई इथं उन्हात. मी सांगितलं. तिनं ऐकलं, गाढवांचं तोंड फिरवलं, आन त्या लोकांनी ती जागा सोडून बाजूची वाळू नेली. म्हंजी चारी अंगानं खाली गेलं आन मधी ढिगासारखी माजी लेक वर ऱ्हायली. भलं केलं त्यांनी, काय म्हनावं, भलंच केलं.

मंग आत्याबाईच्या मनात आलं. एक दिस भाकर खाता खाता म्हनल्या, ती येत न्हाई ना, मंग आपुन जाऊन आनू. मला कळंना. म्हनल्या, नदीला घेऊन येऊ. भोयाच्या गल्लीतल्या समद्या बाया घागरी घेऊन निघालो फटफटायला. कट्ट्यावर दुपारी पोचलो. तेवढं पानी मी जलमात पाहिलं नव्हतं, निळं, उगी बसलेलं, जरा बी हालत न्हाई. मला त्याची भीती वाटली. आमची नदी कदी उगी बसली न्हाई हो. चौकीदार व्हता एक दाढीवाला म्हातारा, तो धावत आला, अरे अरे मां, क्या करतियां, हुकूम नही है. आत्याबाई म्हनल्या, बाबा, ही माजी नदी हाय, मला घागरभर दे, नातीला न्यायची हाय. मोडक्या हिंदीत त्यांनी त्याला समदं सांगितलं. मंग त्यानं सोताच्या हातानं आत्याबाईची घागर भरली, डोक्यावर चढवली आन म्हनला, ले जाव मां, अल्ला उसकू पोंचा देगा.

आमी ते पानी आनलं. वाटंत कुनी पिलं न्हाई, घशाला कोरड पडली तरी. उंबराखाली येऊन एकेकीनं घागर उलटी केली. वाळूनं ते पानी पिलं. नुसतं पिलं, मास्तर. वाहिलं न्हाई, हाललं न्हाई, आत गेलं आन वर ओला डाग ऱ्हायला. आत्याबाई म्हनल्या, सारजे, मार हाक. मी तोंड उघडलं, आन बंद केलं. मी म्हनले, आत्याबाई, पूर नेतो, घागर नुसती भिजवती, ती इथंच हाय. त्यांनी माज्याकडं पाहिलं आन त्यांचा चेहरा असा उतरला, मला अजून दिसतो. पन त्यांनी हाय खाल्ली न्हाई, दर साली उन्हाळ्यात आमी जायचो, पानी आनायचो, ओतायचो. त्यांना वाटायचं एक डाव तरी वाहंल.

आत्याबाई गेल्या तव्हा शेवटाला एकच बोलत व्हत्या, वर ठिवली गं मी, खाली ठिवाया पाहिजे व्हती. मी म्हनले, तुमी मानानं ठिवली आत्याबाई. त्यांना ते ऐकू गेलं का न्हाई, ठाव न्हाई.

मंग आलं ते साल. पाऊस लागला तो थांबंचना, डोंगर दिसंना, आन एक दिस सकाळी दवंडी आली की तळं काठोकाठ भरलंय, सांडव्यावरनं पानी पडतंय, नदीकाठच्यांनी उठा. समदी गल्ली लेकरंबाळं, बोचकी, कोंबड्या घेऊन देवळाच्या टेकाडावर. मालकांनी म्हादूला पुढं घातलं. आन मला आला वास. ओल्या मातीचा न्हाई, नुसत्या पान्याचा, गार, पन आवाज तोच. मी त्या टेकाडावर उभी आन हसाया लागले. माजं घर खाली, भिंती ढासळत व्हत्या, शेजारनी छाती बडवून घेत व्हत्या, आन मी हसत व्हते. येड लागलं म्हनले लोक. मालकांना कळलं. त्यांनी माजा हात धरला.

ते पानी जुन्या पुरासारखं नव्हतं. जुना पूर वाळू घेऊन यायचा, एकीकडं खायचा, दुसरीकडं द्यायचा. ह्याच्याकडं द्यायला काय नव्हतंच, ते नुसतं खात आलं. काठ खाल्ला, भोयाची गल्ली निम्मी खाल्ली, आन मंग आमच्या डोळ्यादेखत उंबर हालला, वाकला, आन मुळासकट गेला. एवढा जुना उंबर. लोक म्हनले, गेलं, समदं गेलं तिथलं. माज्या गळ्यात ती हाक भरून आली. एवढ्या वर्सांची. मी दोन्ही हात तोंडापाशी नेले, पान्याकडं तोंड केलं, श्वास घेतला. आन मला दिसल्या बाभळी. पान्याच्या वर नुसते शेंडे, थरथर कापत व्हते, पन उभ्या. मी श्वास तसाच सोडून दिला.

पानी वसरल्यावर गेलो. वाळू ऱ्हायलीच नव्हती. समदी तान्ह्याची वाळू धुऊन गेली, खालचा काळा कातळ उघडा पडलेला, मी तो कदी पाहिला नव्हता. आन मधी मानसाएवढा वाळूचा ढीग, तेवढाच, बाभळीच्या मुळ्यांनी चारी अंगानं आवळून धरलेला. मूठ आवळावी तसा. त्या मुळ्या कशा एवढ्या झाल्या ते मी आन गल्लीतल्या बायांनी एकमेकींकडं बगितलं तव्हा समजलं. आमीच वाढवल्या व्हत्या त्या. दर साली डोक्यावरनं पानी आनून आनून. गावातली समदी नदी कोरडी, आन तेवढ्याच झाडांना आमी पाजलं. नदी एक डाव आली व्हती न्यायला, घरं नेली, उंबर नेला, आन आमीच पाजून वाढवलेल्या मुळ्यांनी लेकीला धरून ठिवलं. आत्याबाई हे बगायला नव्हत्या ते बरं झालं.

मालक एक दिस कुदळ घेऊन गेले. दिलेलं वाळूतून परत उकरायचं न्हाई अशी रीत, पन ते म्हनले, मी उकरतो, सोताच्या हातानं खाली पान्यात सोडतो, पाप मला लागू दे. मी बी मागं गेले. त्यांनी कुदळ उचलली, खाली ठिवली, परत उचलली. मंग बाभळीला टेकून बसले आन रडले. म्हनले, सारजे, आत काय निघंल गं. मी म्हनले, मला निघन्याचं भ्या न्हाई, काय बी निघालं न्हाई तर मी कुठं येऊन बसू. मंग आमी दोघं उठून घरी आलो. ते बी आता ऱ्हायले न्हाईत.

आता मी म्हातारी झाले. नदी तुमी बगताच, काळं पानी, डुकरं, आन लोक नाक धरून पूल वलांडत्यात. म्हादूनं मासे सोडले, हमाली करतो बाजारात, त्याच्या लेकीनं नदीत पाय बी घातला न्हाई कदी. बाभळी हायत. पिवळी फुलं पडत्यात, शेरडं येत्यात पाला खायला, मी हाकलत न्हाई, कुनी तरी येतंय तिच्यापाशी. आभाळ काळं झालं की मी जाऊन बसते. म्हादू म्हनतो, आई, आता काय पूर यायचा न्हाई. मी म्हनते, न्हाई यायचा, मला कळतं, पन आला आन मी नसले तर हाक कोन मारंल.

तुमचं भलं व्हवो मास्तर, तुमची लेकरंबाळं सुखी ऱ्हावोत, एवढा येळ बसून ह्या म्हातारीचं लिवून घेतलंत. आता तुमी इचारता तिचं नाव काय. ते नाव आत्याबाईला ठाव व्हतं, त्या गेल्या. मालकांना ठाव व्हतं, ते गेले, बारशाला आलेल्या बाया बी गेल्या. म्हादूला मी सांगितलं न्हाई, सांगता येत न्हाई. आता ते माज्या एकटीपाशी हाय, आन माज्याबरूबरच जाईल आसं दिसतंय. तुमी तिथं तेवढी जागा मोकळी सोडा कागदावर. सारखं सारखं इचारू नका, लेकरा, बगा, पार जिभंवर आलं.

द्या, तो तांब्या द्या इकडं.